दाहोमे ते बेनिन : एका लहान देशाची कबुली

'कवडीमोल' हा शब्द आपण मराठी माणसे फार सहज वापरतो. बाजार पडला की वांगी कवडीमोल होतात. खिसा रिता असला की जवळ 'फुटकी कवडी' नसते. आणि पैशाला जिवापलीकडे जपणारा शेजारी 'कवडीचुंबक' ठरतो. ही कवडी एके काळी खरोखरच चलन होती, याचे भान मात्र आता क्वचितच कोणाला असते. मालदीव बेटांच्या उथळ पाण्यातून काढलेली ही कवडी गलबतांनी बंगालात आणि सिंहलद्वीपात येई. तेथून ती युरोपीय जहाजांच्या तळाशी भार म्हणून भरली जाई, लंडन-ॲमस्टरडॅमच्या बाजारात उतरे, आणि पुन्हा जहाजात चढून आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याला लागे. तेथे तिच्या मोबदल्यात माणसे विकत मिळत. ज्या किनाऱ्यावर ही देवघेव मोठ्या प्रमाणावर चालली, तो आज बेनिन या देशात मोडतो. या देशाविषयी चार गोष्टी वाचकांपुढे ठेवाव्यात, असे आमच्या मनात बरीच वर्षे होते.

त्याला एक निमित्त घडले होते. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही रोममध्ये शिकत असता भोजनगृहात आमच्या शेजारी एक आफ्रिकी धर्मगुरू बसत. पहिल्या दिवशी त्यांनी आपले आडनाव सांगितले आणि आमचा घास हातातच राहिला. ते आडनाव आमच्या गावच्या अर्ध्या आळीचे! आम्ही आमचे सांगितले तेव्हा ते मोठ्याने हसले, म्हणाले, "हे तर माझ्या मामांचे." पुढे ओळख वाढल्यावर एकदा ते सहज बोलून गेले, "तुमच्याकडे ही आडनावे बाप्तिस्म्याबरोबर आली. आमच्याकडे त्यांतली पुष्कळशी विक्रीबरोबर आली." हे वाक्य आमच्या मनातून पुढे कधीच गेले नाही.

प्रथम देशाची ओळख करून घेऊ. पश्चिमेस टोगो, पूर्वेस नायजेरिया, उत्तरेस बुर्किना फासो व नायजर आणि दक्षिणेस अटलांटिक महासागर, अशा चतुःसीमेत हा देश उभ्या पट्टीसारखा वसला आहे. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या एक-तृतीयांशाहून थोडे अधिक; किनारा मात्र जेमतेम १२० किलोमीटरांचा. घटनेने राजधानी पोर्टो-नोव्हो, परंतु सरकारचा सारा कारभार चालतो तो कोतोनू या बंदराच्या शहरातून. 'पोर्टो-नोव्हो' म्हणजे पोर्तुगीज भाषेत 'नवे बंदर'. आणि 'कोतोनू'चा अर्थ तेथील फॉन भाषेत 'मृत्यूच्या नदीचे मुख' असा सांगतात. या देशाच्या नावातही एक गंमत आहे. काशाच्या अप्रतिम मूर्तींसाठी जगभर ख्याती पावलेले जुने बेनिन राज्य या देशात नव्हतेच. ते शेजारच्या नायजेरियात होते. या देशाचे नाव होते दाहोमे. १९७५ साली तेव्हाच्या लष्करी राज्यकर्त्याने ते बदलले, कारण दाहोमे हे एकट्या फॉन लोकांच्या राज्याचे नाव होते, आणि देशात तर कितीतरी जमाती नांदत होत्या. किनाऱ्यालगतच्या आखाताला बेनिनचे आखात म्हणत. तेच नाव देशाने घेतले.

दाहोमेचे राजे अबोमे येथे राहत. १७२४ साली आगाजा राजाने आलाडाचे राज्य जिंकले आणि १७२७ साली किनाऱ्यावरील विदा हे बंदर घेतले. त्यानंतर गोऱ्या व्यापाऱ्यांशी त्याचा सरळ व्यवहार सुरू झाला. दाहोमेच्या फौजेत स्त्रियांची स्वतंत्र पलटण होती. तिच्याविषयी युरोपीय प्रवाशांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे, आणि २०२२ साली तिच्यावर 'द वुमन किंग' हा अमेरिकी चित्रपटही निघाला. चित्रपट चुरचुरीत आहे. पण त्या शूर स्त्रिया ज्या मोहिमांवर जात, त्यांतून धरून आणलेले बंदिवान पुढे विदाच्या बाजारात उभे केले जात, ही गोष्ट त्यात बरीच सौम्य झाली आहे. राजाच्या वार्षिक सोहळ्यात नरबळीही दिले जात. अबोमेचे मातीचे राजवाडे १९८५ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्यांच्या भिंतींवरील उठावचित्रे पाहताना हे सारे एकदमच आठवावे लागते.

आता कवडीकडे वळू. विदाच्या बाजारात चाळीस कवड्यांची एक माळ, पाच माळांची एक 'गालिन्या' आणि वीस गालिन्यांचा एक 'काबेस' असा हिशेब होता. गालिन्या म्हणजे पोर्तुगीजमध्ये कोंबडी. दोनशे कवड्यांना कोंबडी, हे त्या नाण्याच्या नावातच राहून गेले आहे. चार हजार कवड्यांच्या काबेसचे वजन सुमारे साडेचार किलो भरे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात एका धडधाकट पुरुषाची किंमत लाखावर कवड्यांपर्यंत चढली होती. वाचकांनी स्वतःच हिशेब करून पाहावा: एक लाख कवड्या म्हणजे शंभर किलोंच्या वर ओझे. माणसाचे मोल त्या माणसापेक्षा वजनाला जड होते, आणि ते वाहून नेण्यासाठी आणखी दोन-तीन माणसे लागत. आपल्याकडे भवानीच्या भुत्याच्या गळ्यात रुळणारी माळ आम्ही आता पाहतो, तेव्हा त्या किनाऱ्याची आठवण झाल्याखेरीज राहत नाही. किंमत नेहमीच कवड्यांत दिली जाई असे नाही. गुजरातचे आणि कोरोमंडलचे सुती कापड, बंदुका, दारू, आणि ब्राझीलच्या बाहिया प्रांतातील काकवी लावून वळलेली तंबाखू, हाही त्या व्यापारातला माल होता. जवळजवळ दोन शतकांत विदाहून जहाजात चढवलेल्या माणसांची संख्या अभ्यासक दहा लाखांच्या आसपास धरतात.

हा व्यापार ज्या किल्ल्यांच्या आश्रयाने चाले, त्यांतला पोर्तुगीज किल्ला १७२१ साली बांधला गेला. इंग्रजांचा आणि फ्रेंचांचाही किल्ला त्याच गावात होता. पोर्तुगीजांनी आपल्या किल्ल्याला नाव दिले 'साँव जुआँव बाप्तिस्ता', म्हणजे बाप्तिस्मा करणारा संत योहान. आम्ही धर्मगुरू असल्याने या नावापाशी थोडे थांबतो. यार्देन नदीच्या तीरावर उभे राहून ज्याने पश्चात्तापाची हाक दिली, ज्याच्याकडे दोन अंगरखे असतील त्याने एक नसलेल्याला द्यावा असे ज्याने शिकवले, त्याचे नाव माणसांच्या विक्रीच्या ठाण्याला दिले गेले, आणि ते देणाऱ्यांना त्यात विसंगती दिसली नाही. पोप पाचवे निकोलस यांनी १४५२ व १४५५ साली काढलेल्या आज्ञापत्रांनी पोर्तुगालच्या राजाला अख्रिस्ती लोकांना कायमच्या दास्यात टाकण्याची मुभा दिली होती, हेही लपवून ठेवण्याचे कारण नाही. पोप तिसरे पॉल यांनी १५३७ साली उलट निर्णय दिला, आणि सोळावे ग्रेगरी यांनी १८३९ साली या व्यापाराचा स्पष्ट निषेध केला. परंतु १८३९ पर्यंत विदाच्या वाळूवरून किती पावले गेली होती!

त्या किनाऱ्यावर ख्रिस्ती शब्द मात्र या किल्ल्याच्याही आधी पोहोचला होता. आलाडाच्या राजाने स्पेनच्या दरबारी दूत पाठवला आणि १६५८ साली माद्रिद येथे आलाडाच्या भाषेत ख्रिस्ती प्रश्नोत्तरी छापली गेली. आपल्या फादर थॉमस स्टीफन्स यांची कोकणी प्रश्नोत्तरी राचोलला छापली गेली ती १६२२ साली. त्यानंतर अवघ्या छत्तीस वर्षांनी. या आफ्रिकी पुस्तिकेत देवासाठी 'वोडू' आणि येशूसाठी 'लिसा' हे तेथील देवतांचेच शब्द योजले होते. 'ख्रिस्तपुराणा'त स्वर्गाला वैकुंठ म्हणणाऱ्या आमच्या फादरांना हे वाचून नवल वाटले नसते. पण दोन्ही ठिकाणचा पुढचा इतिहास सारखा नाही. १६६० साली कापुचिन धर्मगुरू आलाडाला पोहोचले, तेव्हा राजाला स्पेनचा व्यापार हवा होता, धर्म नव्हे. काही जण तापाने गेले, उरलेले परतले, आणि पुस्तिका ग्रंथालयात राहिली. पुढे १७९७ साली पोर्तुगालहून दोन धर्मगुरू अबोमेला आले, तेव्हा राजा आगोंग्लो बाप्तिस्म्याला अनुकूल झाला अशी बातमी पसरली. त्याच वर्षी राजवाड्यात त्याचा वध झाला. त्याचा बाप्तिस्मा झाला असता तर गुलामांचा व्यापार थांबला असता का? आम्हाला तसे वाटत नाही. धर्मगुरूंना धाडणारा दरबार तोच व्यापार बळकट करू पाहत होता.

एकोणिसाव्या शतकात या व्यापाराचा विदामधील सर्वात मोठा धनी फ्रान्सिस्को फेलिक्स द सौझा हा होता. आपल्या उच्चाराने म्हणायचे तर डिसोजा. बाहियात जन्मलेला हा माणूस १८१८ साली गेझो याला राजगादी मिळवून देण्यात पुढे होता. गेझोने त्याला 'चाचा' हा किताब देऊन विदाच्या व्यापाराची सूत्रे हाती दिली. ब्राझील आणि क्यूबापर्यंत त्याची जहाजे जात. १८४९ साली तो वारला, तेव्हा त्याच्या मुलांची गणती करणे कठीण होते. तो स्वतःला कॅथलिक म्हणवीत असे.

याच काळात उलटा प्रवासही सुरू झाला. १८३५ साली बाहियातील गुलामांनी उठाव केला. तो मोडल्यावर पुष्कळ मुक्त कृष्णवर्णीय स्वतःहून अथवा हद्दपार होऊन आफ्रिकेच्या किनाऱ्याला परतले. विदा आणि पोर्टो-नोव्होमध्ये ते स्थायिक झाले. कोणी गवंडी, कोणी सुतार, कोणी शिंपी. आणि काही तर स्वतःच गुलामांचे व्यापारी झाले. मालकांची आडनावे त्यांनी टाकली नाहीत. डिसिल्वा, आल्मेडा, मेदेरोस अशी ती आजही तेथे आहेत. या लोकांना 'आगुदा' म्हणतात, आणि पुष्कळ काळ आगुदा म्हणजेच कॅथलिक असा अर्थ होता. जानेवारीत पोर्टो-नोव्होमध्ये बोंफिमच्या प्रभूचा सण ते अजून साजरा करतात. मिस्सेनंतर मुखवटे घालून नाच होतो. त्यांच्यात मुसलमानही होते. पोर्टो-नोव्होची जुनी मोठी मशीद ज्यांनी बांधली त्यांना बाहियातील चर्च तेवढे बांधता येत होते, म्हणून ती मशीद समोरून थेट चर्चसारखी दिसते!

आमच्या मित्राच्या वाक्याचा उलगडा असा झाला. वसईला पोर्तुगीज आले, त्यांच्या सत्तेखाली आमचे पूर्वज ख्रिस्ती झाले, आणि बाप्तिस्म्याच्या वेळी उभ्या राहिलेल्या फिरंगी धर्मपित्याचे आडनाव पुष्कळांना मिळाले. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली; आडनावे राहिली. त्यांच्यामागे कोठेकोठे बळजबरी होती, हे आमच्या वडीलधाऱ्यांनी कधी फारसे सांगितले नाही. पण मनुष्यविक्री नव्हती असे समजून आम्ही निश्चिंत राहावे, तर गोव्याच्या बाजारातही आफ्रिकेतून आणलेले गुलाम विकले जात होते.

विदामध्ये ख्रिस्तसभेचा खरा आरंभ १८६१ सालचा. त्याचा धागा हिंदुस्थानातून जातो. फ्रेंच बिशप मेल्कियोर द मारियों ब्रेसियाक यांनी दक्षिण भारतात बारा वर्षे काढली होती. कोईमतूरचे ते धर्मप्रमुख होते. देशी धर्मगुरू तयार झाले पाहिजेत असा त्यांचा आग्रह, आणि ख्रिस्ती लोकांतील जातिभेदाशी तडजोड करताना त्यांच्या मनाची ओढाताण. अखेर राजीनामा देऊन ते परत गेले. १८५६ साली लियों येथे त्यांनी आफ्रिकेसाठी एक मिशनरी संस्था स्थापली. त्यांना दाहोमेलाच जावयाचे होते. रोमने सिएरा लिओनला धाडले. १८५९ च्या मे महिन्यात ते फ्रीटाऊनला उतरले आणि सहा आठवड्यांत पीतज्वराने वारले. त्यांच्या संस्थेचे इटालियन धर्मगुरू फ्रान्सिस्को बोर्गेरो १८ एप्रिल १८६१ रोजी विदाला पोहोचले. तेथे राहण्याजोगी जागा मिळाली ती त्याच पोर्तुगीज किल्ल्यात. बोर्गेरोंना तेथे आयते कॅथलिक भेटले: आगुदा, आणि चाचाचे वंशज.

फ्रेंचांनी १८९२ ते १८९४ या काळात दाहोमे जिंकले. राजा बेहांझिनला मार्तिनिक बेटावर हद्दपार केले. १९०६ साली तो अल्जेरियात मरण पावला. १ ऑगस्ट १९६० रोजी देश स्वतंत्र झाला. परंतु विदाचा तो किल्ला तेव्हाही पोर्तुगालच्याच ताब्यात होता. सभोवार स्वतंत्र देश, आणि मध्ये काही गुंठे जमिनीवर पोर्तुगालचे निशाण आणि दोन-चार माणसे! दाहोमे सरकारने १९६१ च्या जुलैअखेर किल्ला सोडण्याची मुदत दिली. लिस्बनहून हुकूम आला की द्यायचा तर जाळून द्या. शेवटच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याने किल्ल्याला आग लावली आणि तो निघून गेला. त्याच वर्षी डिसेंबरात भारतीय सैन्य गोव्यात शिरले, तेव्हा सालाझारने तेथेही शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचा हुकूम धाडला होता. गव्हर्नर वासालो ई सिल्वा यांनी तो मानला नाही आणि शरणागती दिली. जुन्या गोव्याची चर्चे आज उभी आहेत, त्यामागे त्या एका माणसाची आज्ञाभंगाची हिंमतही आहे. विदाचा किल्ला पुढे दुरुस्त झाला आणि १९६७ पासून तेथे संग्रहालय आहे.

स्वातंत्र्यानंतर बारा वर्षांत देशाने एकामागून एक लष्करी बंडे पाहिली. २६ ऑक्टोबर १९७२ रोजी मात्यू केरेकू यांनी सत्ता घेतली. दोन वर्षांनी त्यांनी मार्क्सवाद-लेनिनवाद हे देशाचे ध्येय म्हणून जाहीर केले. ख्रिस्ती शाळा सरकारजमा झाल्या, विरोधक तुरुंगात गेले. १९८९ पर्यंत बँका बुडाल्या होत्या, शिक्षकांना महिनोन्महिने पगार नव्हता. केरेकू यांनी मार्क्सवाद सोडला आणि सर्व थरांतील लोकांची राष्ट्रीय परिषद बोलावली. १९ फेब्रुवारी १९९० रोजी कोतोनूच्या एका हॉटेलात पाचशेच्या आसपास प्रतिनिधी जमले. अध्यक्ष कोण, हा प्रश्न आला. ज्याच्यावर सर्वांचा विश्वास बसेल असा एकच मनुष्य त्यांना सापडला: कोतोनूचे सहायक-उत्तराधिकारी आर्चबिशप इझिदोर द सौझा. विदाचे, आणि त्याच डिसोजा घराण्यातले.

परिषदेने स्वतःला सार्वभौम जाहीर केले, तो क्षण सर्वात अवघड होता. सैनिक बराकीत सज्ज होते, आणि केरेकू यांच्या एका शब्दावर सारे अवलंबून होते. आर्चबिशप त्यांना जाऊन भेटले, बोलले, पुन्हा परिषदेत आले. २८ फेब्रुवारीला केरेकू यांनी सभागृहात येऊन परिषदेचे निर्णय मान्य केले. एकही गोळी सुटली नाही. पुढील वर्षभर संक्रमणकाळातील सर्वोच्च मंडळाचे अध्यक्षपद आर्चबिशपांनीच सांभाळले. १९९१ च्या निवडणुकीत केरेकू निसेफोर सोग्लो यांच्याकडून पराभूत झाले. त्यांनी पराभव मान्य केला, आपल्या कारकिर्दीतील अन्यायांबद्दल जाहीर क्षमा मागितली, आणि घरी गेले. राज्यकर्त्याने मतपेटीपुढे मान तुकवणे आफ्रिकेच्या भूमीवर तोवर जवळपास अपरिचितच होते. इतर देशांनी या परिषदेचे अनुकरण केले. बहुतेक ठिकाणी ते साधले नाही. खुद्द बेनिनमध्येही पुढे सारे सुरळीत राहिले असे नाही. २०१९ च्या संसदीय निवडणुकीत विरोधी पक्षांना उभेच राहता आले नाही.

आर्चबिशप द सौझा १९९९ च्या मार्चमध्ये वारले. केरेकू १९९६ साली मतदानानेच पुन्हा अध्यक्ष झाले होते. १९९९ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे ते एका कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये गेले आणि गुडघे टेकून त्यांनी क्षमा मागितली. गोऱ्यांच्या वतीने नव्हे; ज्या आफ्रिकी राजांनी आपलीच माणसे धरून विकली, त्यांच्या वतीने. त्याआधी १९९२ साली सेनेगलच्या गोरे बेटावर पोप दुसरे जॉन पॉल यांनी ख्रिस्ती लोकांच्या पापाबद्दल क्षमा मागितली होती. या दोन क्षमायाचना एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्यात. विकणाऱ्याने घेणाऱ्याकडे बोट दाखवणे आणि घेणाऱ्याने विकणाऱ्याकडे, हा खेळ शतकभर चालला होता.

कार्डिनल बर्नार्डिन गान्तिन यांच्याविषयी मात्र स्वतंत्र लेखच हवा. तोफो येथे १९२२ साली जन्मलेले हे धर्मगुरू १९९३ ते २००२ कार्डिनल मंडळाचे अधिष्ठाता होते, त्या पदावरील पहिले आफ्रिकी; आणि ऐंशी वर्षे पुरी होताच पद सोडून ते मायदेशी परतले. विदाच्या सेमिनरीत त्यांची समाधी आहे. २०११ च्या नोव्हेंबरात पोप सोळावे बेनेडिक्ट तेथे प्रार्थना करून गेले. विदाच्या बॅसिलिकेसमोर रस्त्यापलीकडे अजगरांचे मंदिर आहे. आमच्या मित्राच्या सांगण्याप्रमाणे अजगर कधी सैल सुटून चर्चच्या आवारात येतो. कोणी त्याला मारीत नाही, उचलून परत पोहोचवतात. जानेवारीत तेथे वोडून धर्माची सरकारी सुट्टी असते.

गावापासून समुद्रापर्यंत सुमारे चार किलोमीटरांची वाट आहे. वाटेवर 'विस्मरणाच्या झाडा'ची जागा दाखवतात: पुरुषांना नऊ आणि स्त्रियांना सात फेऱ्या घालायला लावत, म्हणजे घर-गाव विसरले जाई, असे वाटाडे सांगतात. इतिहासकार या कथेविषयी साशंक आहेत. वाट संपते तेथे वाळूत 'न परतण्याचे द्वार' ही कमान उभी आहे.

२०२१ च्या नोव्हेंबरात फ्रान्सने अबोमेच्या राजवाड्यातून १८९२ साली नेलेल्या २६ वस्तू परत केल्या. त्यांत राजांची सिंहासने आहेत. आणि २०२४ च्या सप्टेंबरात बेनिनने एक कायदा केला. गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी माणसाचा जो कोणी वंशज असेल, त्याने कागदपत्रे, साक्ष अथवा रक्ताच्या नात्याची तपासणी यांपैकी काही पुरावा दिल्यास त्याला बेनिनचे नागरिकत्व मागता येते. पूर्वज नेमका याच किनाऱ्यावरून गेला असला पाहिजे, अशी अट नाही. आमच्या मित्राला आम्ही पत्राने विचारले की, मग तुमच्याकडे बाहियातले डिसोजा परत येऊ लागले का? त्यांचे उत्तर अद्याप यावयाचे आहे.